गिटारवर गाणं काढायचं: कॉर्डशीटवरून की कानाने?

सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर एवढ्या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सुरांचे गट) हाताला बसल्या, एकीवरून दुसरीवर जाताना ताल तुटेनासा झाला, की पुढचा प्रश्न गाण्यांचा. ती आणायची कुठून? एक वाट फोनवरच आहे. गाण्याचं नाव टाकून पुढे ‘कॉर्ड्स’ लिहिलं की शब्दांच्या डोक्यावर अक्षरं असलेलं पान उघडतं. दुसरी वाट म्हणजे गाणं लावा, थांबवा, गुणगुणा, तारेवर सूर शोधा आणि पुन्हा लावा. ही वाट ‘ज्याला कान आहे’ त्याचीच, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे बरेच जण तिच्याकडे फिरकतही नाहीत.

मला हा प्रश्न वाजवणाऱ्याच्या कानाचा कमी आणि गाण्याचा जास्त वाटतो. काही गाणी कागदावरून घेण्यात काहीच वावगं नाही. काहींचा कागद मात्र भरवशाचा असूच शकत नाही, आणि गणपतीत, कोजागरीला, घरगुती मैफलीत ज्यांची फर्माईश होते ती बरीचशी मराठी गाणी नेमकी या दुसऱ्या जातीची असतात.

कागद कुठे खरा असतो

एखाद्या रॉक बँडचं गाणं घ्या. रेकॉर्डिंगमध्ये गिटार आहे आणि वाजवणारा ठरावीक ठिकाणी ठरावीक कॉर्ड धरतोय. कॉर्डशीट बरोबर की चूक हे ताडून पाहता येतं, कारण उत्तर रेकॉर्डिंगमध्येच आहे. अल्टिमेट गिटारसारख्या साइटवर वाजवणारेच कॉर्ड्स लिहून टाकतात. एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्या असतात आणि वाचक त्यांना गुण देतात. खूप लोक वाजवत असलेल्या इंग्रजी गाण्यांसाठी ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते. तुम्हाला तसलीच गाणी वाजवायची असतील तर शीट उघडा आणि वाजवा, मनात अपराधी वाटून घेऊ नका.

आता एखादा अभंग घ्या, आरती घ्या, नाट्यपद घ्या. मागे पेटी, तबला किंवा पखवाज, टाळ, तानपुरा. पेटी गाणाऱ्याच्या पाठोपाठ तीच चाल वाजवते. यात कॉर्ड कुठे आहे? कुठेच नाही. अशा गाण्याची कॉर्डशीट म्हणजे कोणीतरी बसून दिलेला सल्ला असतो. तो चांगला असू शकतो, घाईत दिलेला असू शकतो, पण ताडून पाहायला मूळ उत्तरच नाही.

भूपातली चाल घेऊ. सूर पाच: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. शीटवर हमखास सी, ए मायनर, एफ, जी असा पॉप गाण्यांतला नेहमीचा फेरा लिहिलेला सापडतो. सी हा सा धरला तर एफमध्ये म आहे आणि जीमध्ये नी, म्हणजे रागाने बाहेर ठेवलेले दोन्ही सूर गिटारने आत आणले. कोणाला ते गोड लागतं, कोणाच्या कपाळावर आठ्या येतात. मला स्वतःला जी चालते. एफ आला की चाल भूपाची उरत नाही. यमनातलं गाणं असेल तर हा मतभेदाचाही विषय राहत नाही. गायक तीव्र मध्यमावर ठेहराव घेतो आणि खाली एफची कॉर्ड शुद्ध मध्यम वाजवत असते, दोघांत अर्ध्या सुराचं भांडण. तिथे डी मेजर धरली (रे, तीव्र म, ध) की भांडण मिटतं. हे शीटवाल्याला ऐकू आलं नसेल तर तुम्हालाच ऐकावं लागतं.

मधली जातही आहे. जुन्या चित्रपटगीतांच्या आणि कित्येक ध्वनिमुद्रित भावगीतांच्या मागे व्हायोलिनचा ताफा, बासरी, कधी गिटार असते. तिथे अरेंजरने, म्हणजे वाद्यांचा मेळ रचणाऱ्याने, स्वरमेळ बांधलेला असतो, म्हणजे उत्तर आहे, पण ते गाण्याच्या मागच्या बाजूला दडलेलं आहे. अशा गाण्यांची शीट अंदाजाला घ्यावी आणि पक्कं कानाने करावं.

एकच चाल, दोन्ही रीतींनी

नुसतं बोलण्यापेक्षा सगळ्यांच्या तोंडात असलेली ‘हॅपी बर्थडे’ची चाल घेऊ, जीच्या पट्टीत.

शीट तुम्हाला देते: जी, डी, डी, जी, जी, सी, मग जी-डी-जी. तीन कॉर्ड्स, दोन मिनिटांत हातात. पण गाणं चार मात्रांचं नाही, तीनचं आहे, आणि ‘हॅपी’ हा शब्द समेच्या आधी येतो, हे साधी शीट सहसा सांगत नाही. चार मात्रांचं स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवत वाजवणं) सवयीचं झालेला नवशिका इथे केक कापायच्या आतच भरकटतो.

आता कानाने. आधी पूर्ण चाल गुणगुणा आणि शेवटचा सूर धरून ठेवा. जिथे चाल निवांत बसते तो सा. तिसरी तार (तारा बारीक तारेकडून मोजायच्या) न दाबता मोकळी वाजवली की तो मिळतो: जी. तिथून चाल शोधायची. पहिली ओळ प प ध प सा नी. चौथी तार मोकळी दोनदा, मग तिचाच दुसरा फ्रेट (दांडीवरचा खण), पुन्हा मोकळी, तिसरी तार मोकळी, आणि शेवटी चौथ्या तारेचा चौथा फ्रेट. दुसरी ओळ तशीच सुरू होते, फक्त शेवट रे सा: तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मोकळी तार. तिसऱ्या ओळीत उडी आहे, खालच्या प वरून थेट वरच्या प वर, म्हणजे दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. ही उडी ऐकून सापडली की अष्टक, म्हणजे एका सुरापासून त्याच नावाच्या वरच्या सुरापर्यंतचं अंतर, काय असतं हे बोटांना कळतं.

आता कॉर्ड्स. पहिली ओळ नी वर थांबते. जी मेजरमध्ये सा-ग-प आहेत, नी नाही, म्हणून कॉर्ड बदलावी लागणार. नी कुठे आहे? प-नी-रे मध्ये, म्हणजे डी. दुसरी ओळ सा वर उतरते, परत जी. तिसऱ्या ओळीत वाढदिवस ज्याचा त्याचं नाव येतं आणि ते संपतं ध वर. ध जीमध्ये नाही, डीमध्येही नाही. म-ध-सा मध्ये आहे, म्हणजे सी. शेवटची ओळ रे वर क्षणभर टेकते म्हणून डी, आणि सा वर घरी.

याला अर्धा-पाऊण तास लागला असेल, शीटला दोन मिनिटं. फरक पुढच्या वेळी दिसतो. घरातल्या आजींना ती पट्टी खाली पडली, त्यांनी वर सुरू केलं, तर शीटवाला नवीन शीट शोधतो. कानाने काढणाऱ्याला ‘सा, प, सा, म’ माहीत असतं, तो सा हलवतो आणि पुढे जातो.

इथे मराठी श्रोत्याला एक आयती सोय आहे. शाळेच्या बाकावर, भजनी मंडळात, पेटीच्या क्लासात सा रे ग म कानावर पडलेलंच असतं, आणि सा कुठेही ठेवता येतो हेही माहीत असतं. गिटारचं इंग्रजी पुस्तक हेच रोमन आकड्यांनी शिकवतं. मेजर स्केलमध्ये घरच्या सहा कॉर्ड्स अशा: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन मेजर, रे-म-ध, ग-प-नी आणि ध-सा-ग या तीन मायनर. जीच्या पट्टीत त्याच जी, सी, डी आणि ए मायनर, बी मायनर, ई मायनर. साध्या चालीच्या गाण्यांपैकी पुष्कळ या सहांतच आटपतात.

कानाची वाट किती कठीण

वाटते तितकी नाही, पण पायऱ्या चुकवल्या तर फारच. बहुतेक जण थेट कॉर्ड ओळखायला बसतात आणि हरतात. मी क्रम असा लावेन: पट्टी, चाल, खर्जाचा सूर, आणि सगळ्यात शेवटी मेजर की मायनर.

पट्टीसाठी गाण्याच्या शेवटी गायक कुठे विसावतो ते ऐका आणि तो सूर सहाव्या तारेवर शोधा. पेटीवाल्यासोबत वाजवायचं असेल तर तो ‘काळी चार’ म्हणेल, त्याला जी शार्प म्हटलंत तर दोघंही थांबाल. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून सीचे आकार किंवा चौथ्या फ्रेटवर लावून एचे आकार. काळी चारला कॅपो पहिल्यावर आणि जीचे आकार. काळी पाचला कॅपो तिसऱ्यावर आणि जीचेच आकार. शीट बहुधा एकाच पट्टीत लिहिलेली असते, आणि गाणारी बाई व गाणारे काका यांच्या पट्ट्यांत चार-पाच सुरांचं अंतर सहज असतं.

जुन्या रेकॉर्डिंगची वेगळीच गंमत. टेपचा वेग थोडा पुढे-मागे झाल्याने किंवा तेव्हाच्या वाद्यांच्या जुळणीमुळे गाणं दोन फ्रेटच्या मध्ये कुठेतरी लागतं. ट्यूनर ए सूर ४४० हर्ट्झला लावतो, गाणं त्याला जुमानत नाही. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून गिटार गाण्याला लावून घ्यावी. हे काम मुळात कानाचंच.

खर्जाचा सूर हे कॉर्ड ओळखण्याचं खरं दार आहे. सी (सी-ई-जी) आणि ए मायनर (ए-सी-ई) यांचे तीनपैकी दोन सूर सारखेच, म्हणून नवशिका या दोघींत गोंधळतो. तळाला कोणता सूर आहे ते ऐकलं की गोंधळ बराचसा सुटतो. पण तो ऐकायला हेडफोन हवा. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते, आपल्या गिटारची ८२ वर. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून हे जवळजवळ गळून जातं. ‘मला बेस ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांचा कान ठीक असतो, स्पीकर ठीक नसतो.

शेवटी मेजर-मायनर. खर्जाचा सूर धरून त्यावर गंधार म्हणून बघा, शुद्ध लागतो की कोमल. शुद्ध जुळला तर मेजर, कोमल जुळला तर मायनर. गाता गळा नसला तरी एवढं जमतं.

टॅब जिथे सरळ जिंकतो

टॅब म्हणजे कोणत्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा हे आकड्यांनी सांगणारा कागद. तो जिंकतो तिथे: फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडत वाजवणं), सोलो, आणि ज्या गाण्याची ओळखच सुरुवातीचा गिटारचा तुकडा आहे अशी गाणी. कारण साधं आहे: गिटारवर एकच सूर अनेक ठिकाणी असतो. पहिली मोकळी तार वाजवते तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावर मिळतो. कान सांगेल की ई आहे. तो कुठे वाजवला म्हणजे पुढच्या सुराला बोट पोचेल, हे टॅब सांगतो. तारा वेगळ्या लावून वाजवलेलं गाणं असेल तर कानाने शोधणं म्हणजे नवशिक्याने उगाच डोकं फोडून घेणं.

घाई असेल तेव्हाही शीटच. उद्या ऑफिसात निरोप समारंभ आहे आणि आज गाणं ठरलंय, तर कानाच्या शुद्धतेचा बाणा दाखवायची ती वेळ नव्हे. फक्त शीट वाजवून बघताना एकदा मूळ गाण्याबरोबर वाजवा. जिथे खुपेल तिथे पेन्सिलने खूण करा, आणि त्या खुणांपुरता कान वापरा. शीटवरून सुरुवात करूनही कान तयार होतो तो असा, खुपण्याच्या जागा शोधत. नुसती अक्षरं बघून वाजवत राहिलात तर पन्नास गाण्यांनंतरही एक्कावन्नाव्याला शीट लागतेच.

व्हिडिओ आणि ॲप

यूट्यूबवरचा धडा म्हणजे हात दिसणारी शीट. उजव्या हाताचं काम, स्ट्रमिंगचा झोल, बोटं कशी वळतात, हे कागदावर येत नाही आणि इथे दिसतं. त्यासाठी व्हिडिओला तोड नाही. कॉर्ड्सच्या खरेपणाबाबत मात्र तो शीटपेक्षा वरचढ असेलच असं नाही. कानाने काढणाऱ्यालाही यूट्यूब उपयोगी पडतं ते दुसऱ्या कारणासाठी: वेग पाव पटीपर्यंत कमी होतो आणि पट्टी बदलत नाही. संगणकावर ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात एक तुकडा निवडून पुन्हा पुन्हा संथ ऐकता येतो.

आपोआप कॉर्ड ओळखणारी ॲप आहेत, कॉर्डिफाय त्यातलं बऱ्याच जणांना माहीत असलेलं. ड्रम-बेस-गिटारच्या गाण्यावर ती ठीक अंदाज देतात. भजनावर किंवा रागदारी चालीवर त्यांची पंचाईत होते, कारण तानपुरा सा आणि प अखंड धरून ठेवतो आणि त्यात गंधार ठळक नसतो. मेजर-मायनर ठरतं ते गंधारावरून, म्हणजे ॲपला चालीतल्या उडत्या सुरांवरून तर्क करावा लागतो. आवाज आणि वाद्यं वेगळी काढून देणारी ॲप त्यापेक्षा कामाची वाटतात. ती उत्तर देत नाहीत, फक्त गर्दी हटवतात. बेस एकटा ऐकायला मिळाला की खर्जाचा सूर शोधणं खूपच हलकं होतं.

कान विरुद्ध कागद हे भांडण जुनं, पण खोटं

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीला नोटेशन (स्वरलिपी) वाचता येत नव्हतं. आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याच्या रेकॉर्ड ऐकून त्याने सोलो जसेच्या तसे बसवले आणि सुरुवातीला तेच वाजवून काम मिळवलं. जुने काही वाजवणारे तबकडी निम्म्या वेगाने फिरवून ऐकत. चाल संथ होई, पण सगळं एक अष्टक खाली उतरे. या दाखल्यावरून ‘खरा कलाकार कागदाला हात लावत नाही’ असं सांगणारे भेटतात.

त्यांनी मुंबईकडे बघावं. हिंदी चित्रपटसंगीताच्या बहरात अनेक संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर सांगत, आणि गोव्यातून आलेले वादक-अरेंजर ती ऐकून स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्य स्वरलिपीत) उतरवत, मग ताफ्यातल्या प्रत्येक वादकापुढे कागद जाई. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) आणि सेबास्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच सोल्फा (डो-रे-मी) आणि नोटेशन शिकवलं जाई, म्हणून ही मंडळी दोन्ही करू शकत. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे (१८६०–१९३६) यांनी गायकांकडून बंदिशी ऐकून स्वरलिपीत आणल्या, तेही याच जातीचं काम. म्हणजे प्रत्येक चांगल्या कागदाच्या आधी कोणाचा तरी कान बसलेला आहे. तुम्ही उघडलेल्या शीटमागचा कान कसा होता एवढाच प्रश्न उरतो.

मग तुम्ही काय निवडाल

इंग्रजी रॉक-पॉप, कँपफायर, मित्रांबरोबर कॉलेजच्या कट्ट्यावर: शीट आणि व्हिडिओ पुरे. कान हळूहळू येईल, नाही आला तरी मजा अडत नाही.

फिंगरस्टाइल किंवा इलेक्ट्रिकवर सोलो: टॅब आधी, पण टॅब समोर ठेवूनही तुकडा आधी गुणगुणा. जो तुकडा तोंडात नाही तो बोटांत फार दिवस राहत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

घरच्या मैफलीत कोणाला तरी साथ करायची असेल, मराठी भावगीतं, अभंग, आरत्या वाजवायच्या असतील, तर कानाला पर्याय नाही. गाणारा पट्टी बदलणार, एखादी ओळ परत घेणार, मध्येच अंतरा विसरणार. त्या वेळी शीटवरची ओळ शोधत बसलात तर साथ सुटलीच.

क्लास लावत असाल तर मास्तरांना पहिल्या भेटीत एक विचारा: गाणं तुम्ही लिहून देता की माझ्याकडून काढून घेता? काही शिक्षक दर आठवड्याला छापील शीट देतात, विद्यार्थी खूश असतो, आणि दोन वर्षांनी शिक्षकाशिवाय एकही नवं गाणं बसत नाही. परीक्षा द्यायच्या असतील तर एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये ऐकून ओळखण्याची स्वतंत्र चाचणी असते, त्या निमित्ताने कानाकडे लक्ष जातं. मात्र तिथली गिटार शास्त्रीय, नायलॉनच्या तारांची. कट्ट्यावरच्या स्ट्रमिंगशी तिचा संबंध बेताचाच.

आणि कानाने पहिलं गाणं काढायला घेताना निवड जपून करा. आरती, प्रार्थना, बडबडगीत असं काहीतरी घ्या, ज्याची चाल झोपेतही म्हणता येते आणि जे सात शुद्ध सुरांत राहतं. भैरवीतलं आवडतं गाणं तूर्त बाजूला ठेवा. तिथे रे, ग, ध, नी चारही कोमल, वर गाणारे मध्येच शुद्ध सूर लावून जातात, आणि वर सांगितलेल्या सहा घरच्या कॉर्ड्सपैकी फारशी कामाला येत नाही.